छोट्या जहाजातून ताहिती, तुआमोतु आणि मार्केसास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाची सफर छोट्या जहाजाने करू इच्छिणाऱ्या मराठी प्रवाशांच्या मनात साधारणपणे जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांब आहेत, कारण तेथे घाईने घेतलेला निर्णय पुढे महागात पडतो.

पॉलिनेशिया म्हणजे नेमका कोणता प्रदेश?

हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट ही तीन टोके जोडली की जो प्रचंड त्रिकोण तयार होतो, त्याला पॉलिनेशिया म्हणतात. या पानावर त्या त्रिकोणाच्या मध्याजवळ असलेल्या आणि फ्रान्सच्या अखत्यारीतील फ्रेंच पॉलिनेशियाचाच विचार केला आहे. येथे सोसायटी, तुआमोतु, मार्केसास, गाम्बिये आणि ऑस्ट्रल असे पाच द्वीपसमूह असून बेटांची एकूण संख्या ११८ धरली जाते. सगळी बेटे एकत्र केली तर जमीन जेमतेम गोव्याएवढी भरेल, पण ती पश्चिम युरोपाएवढ्या समुद्रावर विखुरलेली आहेत. लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास असून त्यातील बहुतांश लोक ताहिती या एकाच बेटावर राहतात. हे प्रमाण लक्षात घेतले की येथे जहाज हेच वाहन का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

छोटे जहाज म्हणजे किती छोटे, आणि तेच का निवडावे?

दहाबारा प्रवाशांच्या कॅटामरान म्हणजे जोडनावेसारख्या शिडाच्या नौकेपासून तीनसव्वातीनशे प्रवाशांच्या जहाजापर्यंत सर्व काही येथे ‘छोटे’ या सदरात मोडते. ‘विंड स्पिरिट’ हे चार डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज सुमारे १५० प्रवासी घेते. १९९७ साली खास या उथळ पाण्यांसाठी बांधलेले ‘पॉल गोगँ’ सुमारे ३३० प्रवासी घेते, तर ‘आरानुई ५’ हे निम्मे मालवाहू आणि निम्मे प्रवासी जहाज आहे.

लहान आकाराचा खरा लाभ प्रवाळभित्तीपाशी कळतो. येथील बहुतेक बेटांभोवती प्रवाळाची कडी असते. कडीच्या आत शांत, उथळ, हिरवट-निळे पाणी असते. त्याला भूगोलाच्या पुस्तकात खारकच्छ म्हणतात आणि बोलताना लगून. बाहेरचा समुद्र आणि लगून यांना जोडणारी वाट म्हणजे भित्तीला पडलेले एखादे तोंड, ज्याला तेथे ‘पास’ म्हणतात. भरती-ओहोटीचे सारे पाणी या अरुंद तोंडातून आतबाहेर करत असल्यामुळे प्रवाह फार जोराचा असतो, आणि कप्तानाला पाणी स्थिर होण्याची वेळ साधून जहाज आत घ्यावे लागते. मोठ्या जहाजाला अशी अनेक तोंडे बंदच असतात. छोटे जहाज आत जाऊन नांगर टाकते आणि मग आपण लगूनच्या मधोमध, गावासमोर, रात्रभर उभे असतो.

दुसरे कारण गावांचे आहे. पाचसातशे वस्तीच्या गावात एकाच सकाळी दोन हजार पाहुणे उतरले, तर पाहुण्यांना गाव दिसत नाही आणि गावाला पाहुण्यांशी बोलता येत नाही. बोरा बोराने दिवसाला १,२०० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली ती याच अनुभवातून, आणि माझ्या मते ती रास्तच आहे.

सफर किती दिवसांची असते आणि कोणता मार्ग घ्यावा?

सात दिवसांच्या सफरी सोसायटी द्वीपसमूहातच फिरतात : ताहिती, मोरेआ, हुआहिने, राइआतेआ, ताहाआ आणि बोरा बोरा. दहाअकरा दिवसांच्या सफरींत तुआमोतुमधील रांगिरोआ किंवा फाकारावा यांची भर पडते. मार्केसाससाठी साधारण बारा दिवस लागतात.

पहिल्यांदा जाणाऱ्या आणि एकदाच जाऊ शकणाऱ्या प्रवाशाने सात दिवसांची सफर टाळून दहा-बारा दिवसांची निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बोरा बोराचा ७२७ मीटर उंचीचा ओतेमानू पर्वत आणि त्याभोवतीचे लगून सुंदर आहे यात वाद नाही, पण तेथे विमानानेही जाता येते. तुआमोतुची कंकणद्वीपे आणि मार्केसासचे कडे मात्र समुद्रावरून हळूहळू वर येताना पाहायचे असतात.

कंकणद्वीप कसे घडते, हे या प्रवासात डोळ्यांनी पाहता येते. ज्वालामुखीचा उंच डोंगर समुद्रातून वर येतो, त्याच्या काठाने प्रवाळ वाढते, मग लाखो वर्षांत डोंगर खचत जातो आणि प्रवाळ मात्र वर वर वाढत राहते. शेवटी डोंगर बुडतो आणि कडी तेवढी उरते. चार्ल्स डार्विन १८३५ साली ताहितीत आला होता आणि तेथील उंचावरून त्याने भित्तीने वेढलेले मोरेआ पाहिले होते. प्रवाळबेटांविषयीची त्याची उपपत्ती पुढे मान्यता पावली. ताहितीचा उंच डोंगर, बोरा बोराचा अर्धा खचलेला सुळका आणि रांगिरोआची नुसती कडी ही एकाच गोष्टीची तीन प्रकरणे आहेत, आणि आपले जहाज ती क्रमाने उलगडत जाते. लक्षद्वीप पाहिलेल्यांना तिसरे प्रकरण ओळखीचे वाटेल, मात्र रांगिरोआचे लगून सुमारे ८० किलोमीटर लांब असल्याने एका काठावरून दुसरा काठ दिसत नाही.

‘आरानुई’ हे मालवाहू जहाज आहे म्हणतात. त्यातून प्रवास करणे सोयीचे आहे का?

सोयीचे आहे, आणि मार्केसाससाठी मी तेच सुचवेन. नावाचा अर्थ ‘महामार्ग’ असा आहे आणि तो शब्दशः खरा आहे, कारण मार्केसासच्या सहा वस्तीच्या बेटांना सिमेंट, इंधन, धान्य, मोटारी, शीतकपाटे असे सर्व काही हे जहाज पोहोचवते. पुढच्या भागात यारी (क्रेन) आणि मालाची कोठारे, मागच्या भागात केबिन, भोजनगृह आणि लहान जलतरण तलाव अशी त्याची रचना आहे. सध्याचे जहाज २०१५ पासून या मार्गावर आहे.

जहाज बंदराला लागले की प्रवासी गाव पाहायला जातात आणि खलाशी माल उतरवतात. परतताना खोबऱ्याची पोती, नोनी फळांची पिंपे आणि लिंबे चढतात. सुक्या खोबऱ्याचा वास नाकात भरलेला कोकणी माणूस त्या धक्क्यावर उभा राहिला की हजारो मैलांचे अंतर क्षणभर मिटते. उआ हुका बेटावरील वाइपाएचा प्रसंग तर चुकवू नये. तेथील खाडी इतकी चिंचोळी आहे की कप्तान जहाज जागच्या जागी अर्धा फेरा फिरवतो, आणि खलाशी होड्यांतून जाऊन दोन्ही बाजूंच्या खडकांना दोर बांधतात. त्यासाठी पहाटे उठून वरच्या डेकवर जावे.

काही गोष्टी मात्र स्वीकाराव्या लागतात. यारींचा आवाज असतो, आणि मालाच्या चढउतारीप्रमाणे वेळापत्रक मागेपुढे होऊ शकते. ज्यांना संपूर्ण शांतता आणि सतत सेवा हवी आहे, त्यांनी दुसरे जहाज पाहावे.

मार्केसासमध्ये पाहण्यासारखे काय आहे? तेथे समुद्रकिनारे आहेत का?

पांढऱ्या वाळूचे किनारे आणि निळी लगून यांच्या अपेक्षेने मार्केसासला जाऊ नये. ताहितीपासून सुमारे १,४०० किलोमीटर ईशान्येला असलेल्या या बेटांना प्रवाळभित्तीचे संरक्षण जवळजवळ नाही. महासागर थेट काळ्या कड्यांवर आदळतो. दऱ्या खोल आणि दाट आहेत, आणि त्या दऱ्यांत जुन्या वस्त्यांचे दगडी चौथरे झाडीत दडलेले आहेत. हिवा ओआवरील पुआमाऊ येथे अडीच मीटर उंचीची ‘ताकाई’ ही दगडी मूर्ती आहे. त्याच बेटावर आतुओना गावाच्या टेकडीवरील दफनभूमीत १९०३ साली निवर्तलेले चित्रकार पॉल गोगँ आणि १९७८ साली निवर्तलेले बेल्जियन गायक जाक ब्रेल यांच्या कबरी आहेत. फातु हिवावर झाडाच्या सालीपासून ‘तापा’ हे वस्त्र कुटून तयार करणाऱ्या स्त्रिया आजही ती कला चालवतात. ओमोआ ते हानावावे ही डोंगरवाट चालण्याची सवय असलेल्यांनी अवश्य चालावी. शेवटी उतरताना हानावावेच्या उपसागरावर उभे असलेले दगडी सुळके समोर येतात.

या बेटांवर आज दहा हजारांहून कमी लोक राहतात. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी एकोणिसाव्या शतकात अशी कत्तल केली की १९२०च्या दशकात अवघे दोन हजारांच्या आसपास लोक उरले होते. आज दिसणारे गोंदण, नृत्य, कोरीवकाम आणि भाषा हे त्या उरलेल्यांनी जपून पुन्हा उभे केलेले आहे. २०२४ साली युनेस्कोने ‘ते हेनुआ एनाता’ या नावाने मार्केसासचा जागतिक वारशात समावेश केला. सोसायटी द्वीपसमूहातील राइआतेआ बेटावरचे तापुतापुआतेआ हे ‘मराए’, म्हणजे दगडी प्राकाराचे पूजास्थान, २०१७ पासून त्या यादीत आहे.

कोणत्या महिन्यांत जावे?

मे ते ऑक्टोबर हा कोरडा आणि तुलनेने गार काळ, तर नोव्हेंबर ते एप्रिल हा दमट आणि पावसाचा. कोरड्या काळातही एक अडचण असते : जून ते ऑगस्टमध्ये ‘मारामू’ हा आग्नेयेकडचा वारा जोर धरतो आणि समुद्र खवळतो. ताहितीत हेइवा हा नृत्य-गायनाचा मोठा उत्सव जुलैत होतो. जुलैअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत अंटार्क्टिकाकडून आलेले कुबडे देवमासे पिल्लांसह मोरेआ आणि ऑस्ट्रल समूहातील रुरुतुच्या आसपास असतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने मला सर्वांत योग्य वाटतात. मारामूचा जोर तोवर ओसरलेला असतो आणि देवमासेही असतात. आपल्या दिवाळीच्या सुट्टीशी ते कधी कधी जुळतात, मात्र आरक्षण वर्षभर आधी करावे लागते.

बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी जावे का?

लगूनच्या आत जहाज हलत नाही म्हटले तरी चालेल. त्रास होतो तो द्वीपसमूहांमधल्या खुल्या समुद्रात, विशेषतः ताहिती ते तुआमोतु आणि तुआमोतु ते मार्केसास या टप्प्यांत. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर केबिन घ्यावी, कारण टोकांना आणि वरच्या मजल्यावर हेलकावे जास्त जाणवतात. गोळी त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. कोणती घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. पोट रिकामे ठेवू नये, क्षितिजाकडे पाहावे आणि दोन दिवस धीर धरावा. बहुतेकांचे शरीर तिसऱ्या दिवशी सरावते.

भारतातून तेथे पोहोचायचे कसे, आणि व्हिसा कोणता लागतो?

भारतातून थेट विमान नाही. ताहितीवरील राजधानी पापीतेजवळच्या फाआ विमानतळावर लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि ऑकलंड येथून विमाने येतात. कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांना हा प्रवास सुमारे साडेआठ तासांचा पडतो, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या तुलनेत त्यांना तो फारच सोपा आहे.

फ्रेंच पॉलिनेशिया शेंगेन क्षेत्रात मोडत नाही. म्हणून युरोपसाठी काढलेला शेंगेन व्हिसा येथे आपोआप चालत नाही. भारतीय पासपोर्टधारकाने फ्रान्सकडे या प्रदेशासाठी अर्ज करावा आणि मिळालेल्या व्हिसावर फ्रेंच पॉलिनेशियाचा उल्लेख आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे. ग्रीन कार्ड असले तरी आपल्याला लागू होणारा नियम तिकिटापूर्वी फ्रेंच वकिलातीकडून विचारून घ्यावा. वाटेतील देशाचा परवाना ही दुसरी बाब आहे. अमेरिकेत विमान बदलायचे असले तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, ही गोष्ट अनेकांना तिकीट काढल्यावर कळते.

तारखेचाही घोळ होतो. ताहितीचे घड्याळ भारतापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे : पुण्यात सोमवारी सकाळचे आठ वाजलेले असतात तेव्हा पापीतेत रविवारी दुपारचे साडेचार वाजलेले असतात. ऑकलंडहून शनिवारी संध्याकाळी निघालेला प्रवासी आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून ताहितीत शुक्रवारी रात्री पोहोचतो. हॉटेलचे आरक्षण त्याप्रमाणे करावे. मार्केसासचे घड्याळ ताहितीच्या अर्धा तास पुढे आहे. जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस आधी पापीतेत असावे, कारण विमान चुकले तर जहाज थांबत नाही.

खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

ही सफर महाग आहे, आणि ती स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याकडे सावधपणे पाहावे. चलन पॅसिफिक फ्रँक असून त्याचा दर युरोशी कायमचा बांधलेला आहे : एका युरोला सुमारे ११९.३३ फ्रँक. जाहिरातीतील भाडे दोघांनी एक केबिन घेतल्यास माणशी किती, असे दिलेले असते. एकट्या प्रवाशाला बरेच अधिक मोजावे लागतात. भाड्यात किनाऱ्यावरच्या सहली, पेये आणि बक्षिसी धरली आहे का, हे लेखी विचारावे, कारण जहाजाजहाजांत मोठा फरक असतो. बेटांवर बक्षिसी देण्याची प्रथा नाही. पैसे वाचवायचे असतील तर ते जहाजात न वाचवता आधीच्या आणि नंतरच्या मुक्कामात वाचवावेत : पाण्यावरच्या बंगल्याऐवजी ‘पांसिओं’ म्हणजे घरगुती निवास घ्यावा, आणि मोरेआला सहलीच्या पॅकेजमधून न जाता पापीतेहून साध्या फेरीबोटीने जावे.

शाकाहारी प्रवाशांचे काय?

आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे, आणि ‘शाकाहारी’ या शब्दावर न थांबता मांस, मासे, अंडी आणि मांसाचा रस यांपैकी काय चालत नाही ते एकेक करून लिहावे. फ्रेंच स्वयंपाकात भाजीच्या सूपमध्येही मांसाचा रस असू शकतो. जहाजावर सोय होते. गावातल्या जेवणात मात्र ताजी टूना लिंबू आणि नारळाच्या दुधात कालवलेली ‘पुआसों क्रू’ आणि जमिनीतल्या भट्टीत, ‘अहिमाआ’त, भाजलेले डुक्कर हेच मुख्य पदार्थ असतात.

तरीही उपाशी राहण्याचे कारण नाही, कारण त्याच भट्टीत आपल्या ओळखीचे बरेच काही भाजले जाते. तेथला ‘उरु’ म्हणजे कोकण-गोव्यातला नीरफणस. १७८८ साली ‘बाउंटी’ हे इंग्रजी जहाज ताहितीत आले ते याच फळाची रोपे कॅरिबियन बेटांतील गुलामांच्या अन्नासाठी न्यायला. आपण त्याचे काप तव्यावर परततो, तेथे अख्खे फळ निखाऱ्यावर भाजून साल सोलतात. शिवाय अळकुड्या, रताळी, केळी, नारळाच्या दुधातले ‘पोए’ आणि मार्केसासचे पपनस असते. ते पपनस हिरव्या सालीचे, गोड आणि रसाळ असते. मिळेल तेव्हा खावे. घरून चिवडा, भाजलेले पीठ नेता येईल, पण ताजी फळे, बिया आणि रोपे नेण्यास मनाई आहे.

पोहता येत नाही. तरी जाण्यात अर्थ आहे का? शार्कचे काय?

आहे. लगूनच्या काठाला कमरेएवढ्या पाण्यातही रंगीत मासे दिसतात, आणि काचेच्या तळाच्या होड्या असतात. तरीही निघण्यापूर्वी दोन महिने तलावावर जाऊन निदान तरंगायला आणि नळीतून श्वास घ्यायला शिकून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

काळ्या टोकाचे शार्क लगूनमध्ये सर्रास फिरतात आणि माणसाला सहसा टाळतात. फ्रेंच पॉलिनेशियाच्या संपूर्ण सागरी हद्दीत शार्कना संरक्षण आहे. फाकारावाच्या दक्षिण तोंडात करड्या शार्कचे शेकडोंचे थवे असतात. तेथे अनुभवी पाणबुड्यांनी स्थानिक मार्गदर्शकासह उतरावे. खरी काळजी घ्यायची ती प्रवाहाची आणि पायांची. भित्तीच्या तोंडाजवळ एकट्याने पाण्यात शिरू नये, आणि खडकासारखा दिसणारा विषारी दगडमासा असल्यामुळे रबरी बूट घातल्याशिवाय चालू नये. प्रवाळावर उभे राहू नये.

ज्येष्ठ नागरिकांना आणि लहान मुलांना झेपेल का?

गुडघे किती साथ देतात यावर ते अवलंबून आहे. अनेक ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही. होडीतून उतरावे लागते. मार्केसासमध्ये लाटेबरोबर होडी वरखाली होत असताना खलाशी दोन्ही दंड धरून प्रवाशाला उतरवून घेतात. ते कुशल असतात, पण त्या क्षणी पाऊल उचलता आले पाहिजे. आईवडिलांना नेणार असाल तर सोसायटी बेटांचा मार्ग निवडावा. मुलांसाठी किमान वयाची अट जहाजानुसार वेगळी असते.

गावांत कसे वागावे?

भेटताच ‘इया ओराना’, मार्केसासमध्ये ‘काओहा’, आणि आभारासाठी ‘माउरुरु’ म्हणावे. रविवारी गाव प्रार्थनेला जाते. चर्चमधील ‘हिमेने’ हे अनेक स्वरांतले सामूहिक गायन ऐकण्यास बाहेरच्यांना मज्जाव नसतो. मात्र खांदे-गुडघे झाकून, मागे बसावे. मराएवरच्या दगडांवर चढू नये आणि तेथून खडाही उचलू नये. इंग्रजीतला ‘टॅटू’ हा शब्द ‘तातौ’ या पॉलिनेशियन शब्दावरून आला. गोंदवून घ्यायचे असल्यास आधी त्या आकृतीचा अर्थ कलाकाराकडून समजून घ्यावा, आणि ताज्या गोंदणावर समुद्राचे पाणी व ऊन लागू देऊ नये म्हणून ते सफरीच्या शेवटी करावे.

येथे अणुचाचण्या झाल्या होत्या ना? प्रवास सुरक्षित आहे का?

१९६६ ते १९९६ या काळात फ्रान्सने तुआमोतुच्या दूर आग्नेयेकडील मोरुरोआ आणि फांगाताउफा या कंकणद्वीपांवर १९३ चाचण्या केल्या. १९७४ पर्यंतच्या चाचण्या हवेत आणि नंतरच्या जमिनीखाली झाल्या. ती बेटे आजही बंद असून प्रवासी जहाजांच्या मार्गांपासून फार दूर आहेत, त्यामुळे पर्यटकाने चिंता करण्याचे कारण नाही. स्थानिक कुटुंबांत मात्र आजार आणि भरपाई हा जिवंत विषय आहे. कोणी त्याविषयी बोलू लागले तर शांतपणे ऐकावे.

आरोग्याची कोणती काळजी घ्यावी?

मलेरिया नाही, पण डेंग्यू आहे. डासांचे मलम दिवसाही लावावे. मार्केसासमध्ये ‘नोनो’ नावाच्या बारीक माश्या चावतात, आणि खाजवल्यास जखम चिघळते. खडकातील काही माशांत सिगुआतेरा नावाचे विष साठते, जे शिजवूनही जात नाही. म्हणून स्वतः पकडलेला मासा स्थानिकांना विचारल्याशिवाय खाऊ नये. मोठे रुग्णालय ताहितीत आहे, आणि दूरच्या बेटावरून रुग्णाला विमानाने आणावे लागते. विमा घेताना हा खर्च त्यात आहे याची खात्री करावी. खोल पाण्यात डुबकी मारणाऱ्यांनी शेवटच्या डुबकीनंतर चोवीस तास विमानात बसू नये.

सामानात काय असावे, आणि काळे मोती घ्यावेत का?

सुती कपडे, पातळ पावसाळी अंगरखा, रबरी बूट, प्रवाळाला अपाय न करणारे उन्हाचे मलम आणि फ्रेंच पद्धतीच्या प्लगचा अडॅप्टर पुरे. इंटरनेट मिळते, पण दोन द्वीपसमूहांमधल्या समुद्रात त्यावर विसंबून कामे ठेवू नयेत.

मोती घ्यावासा वाटल्यास पहिल्या दिवशी पापीतेत न घेता तुआमोतुतील एखादे मोत्यांचे शेत आधी पाहावे. काळ्या ओठांच्या शिंपल्यात बी रोवून मोती तयार होण्यास दीड-दोन वर्षे लागतात, आणि त्यातील थोडेच निर्दोष गोल निघतात; हे पाहिल्यावर किमतीतला फरक समजतो. चमक, पृष्ठभाग, आकार आणि रंग या क्रमाने मोती पारखावा, दिव्याखाली न पाहता दारात दिवसाच्या उजेडात पाहावा, आणि पावती जपून ठेवावी, कारण परतताना ती भारतीय सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दाखवावी लागू शकते.